भरती नसलेली नदी

माझ्या ह्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुका असतील, त्या पोटात घालाव्यात. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे वाण्याच्या यादीखेरीज मी काही लिहिले नाही. अक्षर तर असे की माझे मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. ताई, ही वही तुझ्यासाठी आहे. पत्रच लिहिले असते, पण तुला आलेली पत्रे गुरुजी वाचून दाखवतात, आणि ह्यातल्या काही गोष्टी गुरुजींनी ओटीवर बसून मोठ्याने वाचाव्यात अशा नाहीत. मी येईन तेव्हा मीच वाचून दाखवीन. तोवर वही पिठाच्या डब्यामागे राहील.

तू घाट कधी चढली नाहीस, म्हणून आधी घरापासून सांगते.

चिंचवड

आमची खोली दहा खोल्यांच्या रांगेत आठवी. मागे रेल्वेचे रूळ, पुढे एक कडुलिंब आणि एक नळ. हे जवळच्या कारखान्यात सुतार आहेत. यंत्रे ज्या पेट्यांतून बाहेरगावी जातात त्या पेट्या बनवतात. मला इथे येऊन चार वर्षे झाली. पहिल्यांदा मी नळावर बोलत असे, पण माझे हेल ऐकून बायका एकमेकींकडे बघत आणि मुद्दाम विचारत, "काय म्हणालीस गं? परत म्हण की!" मग मी बोलणे कमी केले. ते कमी होत होत इतके कमी झाले की एखाद्या दिवशी 'आलात?', 'वाढू का' आणि 'निजते' एवढेच माझ्या तोंडून निघे. हे स्वभावाने वाईट नाहीत. दिवसभर ठोकाठोकीत उभ्या राहिलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते, आणि मला तीच नको असते, इतकेच.

श्रावणात हे देहूरोडला लिलावाला गेले. तिथे लष्कराचा जुना माल विकतात. ह्यांचे लक्ष फळ्यांवर होते. तिथे भीमेकाठच्या टाकळकोंड गावचे पाटील भेटले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते कांद्यावर घालायला ताडपत्री घ्यायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, आमचा कांदा नदीच्या पल्याड आणि चाकणच्या बाजाराचा रस्ता अल्याड. जुनी नाव गेल्या पुरात गेली. पुलावरून वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडतो. इंजिनाची होडी कोणी करून देईल का?

ह्यांनी जन्मात होडी केली नव्हती. ह्यांचे गाव डोंगरातले, समुद्र लग्नाच्या वेळी पाहिला तेवढाच. तरी म्हणाले, "मी करतो." तात्यांनी तिथल्या तिथे दोनशे रुपये इसार मोजला. ठरले ते असे, की दिवाळीनंतर होडी नदीत चालवून दाखवायची. पसंत पडली तर आणखी दीडशे, नाही पडली तर इसार परत.

आठ दिवसांत ते दोनशे संपले. लष्कराच्या मोठ्या पेट्यांचे प्लायवुड, पाण्याच्या पंपाचे एक लहान पेट्रोलचे इंजिन, पितळी स्क्रू, डांबर. परत करायला आमच्याकडे दोनशे सोडा, वीसही राहिले नाहीत.

होडी कडुलिंबाखाली उभी राहू लागली. चौदा फूट लांब, साडेचार फूट रुंद. बरगड्यांना बाभळीची वाकडी लाकडे, त्यावर प्लायवुडचे दोन थर आणि दोहोंच्या मधे डांबरात भिजवलेले कापड. येणारा-जाणारा थांबून विचारी, "मिस्त्री, इथं नळाला पाणी येत नाही, आणि तुम्ही होडी कसली करताय?"

फटी भरायचे काम माझे. तुला आठवते का, बाबा वाळूत उकिडवे बसून राळ कढवायचे आणि आपल्याला कापसाच्या वाती वळायला लावायचे? इथे माशाचे तेल कुठले मिळायला, मी जवसाच्या तेलात राळ कढवली. वाती मांडीवर वळल्या आणि बोथट पटाशीने फटींत बसवल्या. मला वाटले होते मी विसरले असेन, पण हात विसरले नव्हते. ते दोन महिने माझे फार बरे गेले.

ह्यांनी कागदावर होडी काढली होती ती पेटीसारखीच, बूड सपाट. मी ते बघितले आणि म्हटले, "खाली कणा हवा. नाहीतर लाटेला आडवी होईल."

ह्यांनी मान वर केली. "केवढा?"

"वीतभर तरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत."

ह्यांनी दुसऱ्या दिवशी सागाची जाड फळी आणली आणि बुडाखाली वीतभर खोल कणा बसवला, आपल्या बाबांच्या होडीला होता तसाच. माझे ऐकून ह्यांनी काही केले असे चार वर्षांत ते पहिलेच. त्या दिवशी मी भात जास्त घातला, उगीचच.

चाकणच्या वाटेवर

दिवाळी सरल्यावर ह्यांनी आठ दिवसांची रजा घेतली. लांब बैलगाडी ठरवली, तिच्यावर होडी पालथी घालून दोरांनी बांधली, आणि मी तिच्या खाली बसले. म्हणजे ताई, मी भीमेपर्यंत गेले ती होडीत बसून नव्हे, होडीखाली बसून. डोक्यावर प्लायवुडचे छत, आत डांबराचा आणि राळेचा वास, आणि दोन्ही बाजूंनी पट्टीएवढी दिसणारी वाट. ज्वारीची ताटे, बाभळी, बैलांचे पाय. मोशीला इंद्रायणी लागली, तीही मला तेवढ्या पट्टीतूनच दिसली. लोक गाडीवानाला विचारत, "काय रं, तमाशाचा फड चाललाय का?" आणि खाली वाकून बघत. मी पदर ओढून घेई. एक म्हातारी वाकून म्हणाली, "अगं बया, आत बाई हाय!" आणि माझ्या हातात दोन पेरू ठेवून निघून गेली. तिचे तोंडही मला दिसले नाही.

चाकणला मुक्काम केला. हे गाव म्हणजे कांदाच. ढीग असे की माणूस पलीकडे उभा राहिला तर दिसत नाही. हवेत तोच वास, आणि दुसऱ्या दिवशी केसांनाही तोच. खानावळीत भाकरी, झुणका आणि ठेचा आला. कांदा कोणी चिरत नाही, मुठीने फोडतात. भात मागितला तर मालक म्हणाला, "कोन आजारी हाय काय?" त्यांच्यात भात आजाऱ्याला.

तिथे एक मास्तर होडीभोवती फिरून बुडावर काळ्या रंगात छापलेली इंग्रजी अक्षरे वाचू लागले. पेट्यांवरची ती अक्षरे घासूनही गेली नव्हती. ह्यांनी विचारले, "काय लिहिलंय हो?"

"लिहिलंय, ही बाजू वर ठेवावी," मास्तर म्हणाले. "आत्ता बरोबर आहे. पाण्यात घातलीत की चूक होईल."

हे हसले. मीही पदरात हसले. दोघे एकाच गोष्टीला हसलो असे फार दिवसांनी झाले.

टाकळकोंड

तिसऱ्या दिवशी दुपारी भीमा दिसली. गावापुढे काळ्या खडकात खोल डोह आहे, हिरवट आणि स्वस्थ. डोहाच्या पलीकडे पाणी पसरट होत जाते आणि पांढरी वाळू लागते. मी खाली उतरले, पाण्यात बोट बुडवले आणि सवयीने जिभेला लावले. गोडे होते. नदी आहे, गोडेच असणार, पण मला एकदम परके वाटले.

काठावर हिरामणदादा कोळ्याचे खोपट आहे. म्हातारा, बारीक, दंडावर गोंदण. पुरात वाहून गेली ती नाव त्यांचीच. आता मोठे भोपळे एकत्र बांधून केलेल्या सांगडीवर एकेका माणसाला ते पलीकडे सोडतात. त्यांची बायको भागाई. तिने मला बघितल्याबरोबर विचारले, "जेवली का?" आणि उत्तराची वाट न बघता भाकरी वाढली. सोबत मरळीचे कालवण होते. नदीचा मासा आपल्या माशासारखा लागत नाही, थोडा मातकट लागतो. पण मासा तो मासा. मी पुन्हा मागून घेतले, लाज सोडून.

होडी सरळ केली आणि पाण्यात ढकलली. गाव लोटले होते. मी नारळ आणला होता. तो आपल्याकडच्यासारखा हळद-कुंकू लावून पाण्यात सोडला आणि हात जोडले. डोळे उघडते तो हिरामणदादा कमरभर पाण्यात शिरून नारळ घेऊन परत येत होते. "वाहून चाललावता, बाई. धरला बगा!" तो दगडावर फोडून त्यांनी सगळ्यांना खोबरे वाटले. मलाही दिले. आपण समुद्राला दिलेले परत घेत नाही, पण मी ते खाल्ले.

मग ह्यांनी चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला, इंजिन फटफटले आणि होडी निघाली. तात्या पुढे बसले, मी मधे, हे मागे. डोहात ती अशी सरळ गेली की काठावरून पोरांनी आरोळी दिली. पाणी एक थेंब आत आले नाही, हे मी हाताने चाचपून बघत होते. पलीकडचा काठ पन्नास-साठ हातांवर आला आणि खालून 'खर्र' असा आवाज झाला. होडी थांबली. इंजिन गुरगुरले आणि बंद पडले. कणा वाळूत रुतला होता.

हे खाली उतरले. पाणी गुडघ्याएवढे. ढकलले, हलली नाही. पलीकडून दोन गडी आले, त्यांनी रेटली, तर कणा आणखीच खोल गेला.

आणि मी काय केले ते सांगते. मी लुगडे सावरून नीट बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हटले, "थांबूया थोडं."

"कशापायी?" तात्यांनी विचारले.

"पाणी येईल ना."

"कुठनं?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. आपल्याकडे होडी रुतली तर कोणी घाबरत नाही. सहा तास विडी ओढत बसायचे, भरती येते आणि होडी आपोआप उचलली जाते. मी लहानपणापासून तेच बघितले. ह्या नदीला भरती नाही. हिचे पाणी पावसाळ्यात येते आणि मग रोज थोडे थोडे कमीच होत जाते.

काठावर ते बोलणे पोचले. कोणीतरी ओरडले, "बसा बाई, बसा! येनार पानी! फुडल्या आखाडात!" सगळा काठ हसला. तात्याही हसले. हे हसले नाहीत. ह्यांनी माझ्याकडे बघितलेही नाही, आणि ते मला जास्त लागले. कणा माझा होता.

कणा कापला

संध्याकाळी तात्या खोपटापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "रागावू नका मिस्त्री. होडी पसंत न्हाई. इसार कदी देता ते बोला."

हिरामणदादा जाळे विणत होते, ते म्हणाले, "तात्या, दोन दिस द्या. मिस्त्री, तुमी हिचं पोट कापा. आमच्या नदीला खोली डोहापुरती. बाकी नुसती पसरलीया. तिच्यावर ताटावानी बसायचं. खाली काय ठिवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी होडी पालथी घातली. हे कापू लागले आणि मी फळी धरून बसले, हादरू नये म्हणून. सागाचा भुसा माझ्या मनगटावर साठत होता. सबंध कणा कापायला दुपार झाली. मी म्हटले, "माझं चुकलं."

हे म्हणाले, "धर नीट."

कण्याच्या जागी बाभळीच्या दोन बोटभर उंच पट्ट्या बसवल्या, घासली तर पट्ट्या घासाव्यात, प्लायवुड नको म्हणून. मी सगळ्या फटी पुन्हा भरल्या. पण होडी पुढे ढकलणारा इंजिनाचा पंखा मागे खाली लोंबत होता, तो वाळूत रुतणारच. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग लष्कराच्या पेटीच्या दोन जाड बिजागऱ्या काढल्या, इंजिनाची फळी त्यावर बसवली आणि तिला लांब दांडा जोडला. दांडा खाली दाबला की मागचा पंखा पाण्याबाहेर उचलला जातो. सोडला की पुन्हा पाण्यात. हिरामणदादांनी तो दहा वेळा दाबून बघितला. "आयला मिस्त्री, भात कांडायच्या ढेकीवानी केलंय की!"

ह्या खेपेला होडी वजनाला आठ पोती घेऊन गेली. वाळू जवळ आली, ह्यांनी दांडा दाबला, पंखा हवेत फिरला आणि होडी घसरत घसरत काठाला लागली. तात्यांनी पोती उतरून घेतली, परत आले आणि म्हणाले, "झकास चालती. पर मी घेनार न्हाई."

ह्यांनी विचारले, "का?"

"उद्या बिगडली तर चिंचवडला मानूस धाडत बसू? मला होडी नको, मला पल्याडचा कांदा अल्याड पायजे. तुमी वाहा. पोत्याला दोन आने. पेट्रोल माजं. इसारातनं वळते करीन. पानी हाय तवर फिटलं तर फिटलं. न्हाई फिटलं तर होडी माजी, फुकट."

बोलणे वाकडे नव्हते. दोनशे रुपयांची सोळाशे पोती होतात. पण ह्यांची रजा दोन दिवसांत संपत होती, आणि त्यापुढे गैरहजर राहिले तर कारखान्यातून नाव कापले जाणार. हे हातातल्या दांड्याकडे बघत होते.

मी म्हटले, "मी राहते."

तात्यांनी आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे बघितले. "बाई चालवनार?"

"होडी तिला कळते," हे म्हणाले. "मला नाही कळत."

ताई, हे गुरुजींनी वाचले असते तर मला आवडले नसते. हे माझे आहे.

जाताना ह्यांनी प्लग कसा पुसायचा ते दाखवले, दोरी कशी गुंडाळायची ते दाखवले. पिशवी घेऊन निघाले, वाटेवरून परत आले. मला वाटले काही बोलतील. म्हणाले, "पंखा वर घेतल्याशिवाय वाळूला जायचं नाही." आणि गेले.

डोहावर

त्यानंतर मी तिथे भागाईकडे दीड महिना होते. रोज सकाळी थंडीत इंजिन पटकन सुरू होत नसे. दहा-बारा हिसके द्यावे लागत आणि हात भरून येई. पलीकडचे गडी पोती टाकताना विचारत, "काय भरतीबाई, आज कवा यायचंय पानी?" पुढे पुढे बायकाही तसेच म्हणू लागल्या. मी ऐकून घेई. इंजिन चालू असले की कोणाचे बोलणे ऐकू येत नाही, हे सोयीचे होते. डोहाच्या मधोमध गेले की मला वाटे, इथे मी मोठ्याने काहीही बोलले तरी चालेल. एकदोनदा तुझे नाव घेऊन हाक मारली. आपल्या बोलीत बोलले, हवे तसे. पण काठाला लागून इंजिन बंद केले की जी शांतता पडे ती आधीपेक्षा मोठी असे.

डोहाच्या काठच्या खडकावर मी कोळशाने पाण्याची रेघ ओढत असे. रोज रेघ खाली. पलीकडची वाळू रोज एक पाऊल पुढे येई. बगळे आज जिथे उभे असत तिथून उद्या चालत पुढे येत. तात्यांकडे किती पोती झाली ते मी विचारीत नसे. रेघेवरूनच कळत होते की आमची शर्यत आहे. मार्गशीर्षात आठ पोत्यांनी बूड टेकू लागले, मग सहा टाकू लागले, मग पाच. खेपा वाढल्या.

संध्याकाळी भागाई चुलीपाशी बसवून घेई. एकदा तिने विचारले, "ती भरती काय असती गं? समदे हसत्यात, मला ठावं न्हाई." मी सांगितले, समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा वर येते आणि दोनदा मागे जाते.

"रोज?"

"रोज."

"आन कुनी न आनता?"

"आपोआप."

तिने भाकरी उलटायची थांबवली. "म्हंजी गेल्यालं परत येतंय." ती उलटून म्हणाली, "आमचं न्हाई बाई येत." तिची दोन्ही मुले मुंबईला गिरणीत आहेत, हे मला नंतर कळले. त्या दिवशी आम्ही दोघी गप्प बसलो, पण ती गप्प बसायची तऱ्हा वेगळी होती.

ह्यांचे एक कार्ड आले. 'इकडे ठीक. प्लग काळा होत असेल तर तेल कमी घालणे. खानावळीचे जेवण बरे आहे.' ते मी किती वेळा वाचले ते लिहीत नाही.

पौष लागला तेव्हा डोहाचे पाणी स्वच्छ आणि लहान झाले होते. वाळू निम्म्यापर्यंत आली. शेवटच्या दिवसांत मी इंजिन डोहापुरते चालवी, मग पंखा वर घेऊन खाली उतरे आणि दोर खांद्यावर घेऊन होडी ओढत काठाला नेई. येताना तशीच ओढत डोहापर्यंत आणी, एका खेपेला चारच पोती. पायाला खाली वाळू सरकलेली कळायची. गडी आता भरतीबाई म्हणत नसत. त्यांतला एक जण न सांगता मागून रेटू लागला.

त्या दिवशी दुपारी मी अशीच चार पोती वाळूवरून ओढून, डोहातून अल्याड आणली. पल्याडच्या वाळूवर पाणी पोटरीपर्यंतही नव्हते. हिरामणदादा आणि भागाई खोपटाच्या दारात उभी होती. तात्या काठावर वही घेऊन बसले होते. त्यांनी पोती मोजली, बोटांवर हिशोब केला, पुन्हा पाने उलटली आणि वही मिटली.

"फिटलं बाई," ते म्हणाले. "दोनशेच्या दोनशे. होडी तुमची."

मी दोर हातात धरून पाण्यात उभीच होते. ते उठले, धोतर झटकले आणि चांगल्या मनाने म्हणाले, "आजपास्नं तुमचं-माजं काही न्हाई."

आता उद्या ह्या काठाला यायचे मला काही कारण उरले नव्हते. मी म्हटले, "बरं."